पेशंट विचारतो 'माझ्याच वाट्याला का?' तेव्हा सिस्टरने काय म्हणायचं

या वेळचं पत्र नाशिकच्या एका सिस्टर इन्चार्जचं आहे. नाव आणि संस्था दोन्ही देऊ नका म्हणाल्यात. पत्र लांबलचक होतं, मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, नमस्कार. मी एका ट्रस्टच्या छोट्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटच्या दिवसांत काळजी घेतात तिथे, इन्चार्ज आहे. पेशंट जवळपास सगळे कॅन्सरचे, त्यात तोंडाचे जास्त, निफाड-दिंडोरीपासून पेठ-सुरगाण्यापर्यंतचे आणि मालेगावचेही. आमच्या एका ट्रस्टी काकांनी ठरवलंय की स्टाफला आध्यात्मिक सेवेचं ट्रेनिंग द्यायचं, म्हणजे दर गुरुवारी ड्युटीनंतर दोन तास एका महाराजांचं प्रवचन, हजेरी कंपल्सरी, आणि वॉर्डात सकाळ-संध्याकाळ स्पीकरवर भजनं. स्टाफ वैतागलाय. पण ट्रेनिंगची गरज आहे हे मलाही कळतंय. मागच्या आठवड्यात एक द्राक्ष बागायतदार पेशंट, पन्नाशीचे, आमच्या नव्या सिस्टरला म्हणाले की मी कुणाचं काय वाईट केलं होतं, माझ्याच वाट्याला का? ती घाबरून म्हणाली, दादा, देवाची इच्छा, नामस्मरण करत जा. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं ते तिच्याशी बोलेचनात. ती स्टोअररूममध्ये जाऊन रडली. आणि आमच्या आयामावशी, चौथी शिकलेल्या, त्यांच्यापाशी हेच पेशंट मन मोकळं करतात. तर आम्ही नक्की काय शिकवायचं, कुणी शिकवायचं आणि काकांना कसं सांगायचं?"

सिस्टर, आधी एक सांगते, काकांशी भांडू नका. त्यांना जे वाटलंय ते बरोबरच आहे, कितीतरी हॉस्पिटलं अशी आहेत जिथे पेशंटच्या मनात काय चाललंय हा विषयच कुणी काढत नाही, त्यामानाने तुमचे ट्रस्टी निदान हा विचार तरी करतायत. फक्त प्रवचन ऐकून नर्सला पेशंटशी बोलता येईल हे काही होणारं नाही. (प्रवचनाला माझा विरोध नाही हो, मी स्वतः गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, कीर्तनाला जाऊन बसते. पण तिथे मी आपल्या पायाने जाते, ड्युटी संपवून अंग मोडलेलं असताना हजेरीसाठी नाही.)

आता त्या बागायतदार दादांचं. तुमची नवी सिस्टर चुकली असं मी म्हणणार नाही, तिला कुणी शिकवलंच नव्हतं तर ती काय करणार, घरी मोठी माणसं जे म्हणतात तेच तिच्या तोंडून निघालं. पण झालं काय बघा. त्या माणसाने विचारलं खरं, पण त्याला उत्तर नको होतं. उत्तर कुणाकडे असतं? त्याला संताप आला होता, कदाचित भीती वाटत होती, आणि ते कुणाच्या तरी समोर ठेवून बघायचं होतं. 'देवाची इच्छा' म्हटलं की त्यापुढे बोलायला जागाच राहत नाही, वर पुन्हा देवावर रागावलेल्या माणसाला देवाचंच नाव घ्यायला सांगितलं. 'मागच्या जन्मीचे भोग' हे तर कुणीच म्हणू नये, पेशंट स्वतः म्हणाला तरी आपण मान डोलवायची नाही. तंबाखू-मिश्री खाल्लेल्या पेशंटच्या मनात आधीच अपराधीपणा मावत नसतो, त्यात आपण भर कशाला घालायची.

मग म्हणायचं काय? फार थोडं. "हे सारखं मनात येतं का?" किंवा "फार राग येत असेल ना दादा." आणि गप्प बसायचं. बसायचं म्हणजे खरोखर बसायचं, स्टूल ओढून त्यांच्या डोळ्यांच्या लेव्हलला, हातात फाइल नाही आणि सलाईनशी खटपट नाही, कारण आपण अवघडलो की आपला हात आपोआप सलाईनकडे जातो हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही. एक मिनिट कुणी काही बोललं नाही तरी चालतं, पण ते मिनिट सहन करणं हेच सगळ्यात अवघड काम आहे आणि ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा हेच शिकवायला लागतं. आणि त्या दादांचं दार बंद झालेलं नाहीये बरं का. त्या सिस्टरनेच जाऊन म्हणायचं की त्या दिवशी मी घाईत काहीतरी बोलून गेले, तुमचं नीट ऐकलंच नाही, आज वेळ काढून आलेय. बहुतेक माणसं बोलतात. नाही बोलले तर पाणी हवंय का विचारून यायचं आणि उद्या पुन्हा जायचं.

अजून एक, हे मी विद्यार्थिनींना कायम सांगायचे, आधी मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, मग मोक्ष. ज्या माणसाचं दुखणं दहापैकी आठ आहे त्याच्याशी मनाच्या गोष्टी बोलायला जाऊ नका, आधी डोस बघा, दोन डोसच्या मधे कळ उठतेय का बघा, संडास किती दिवस झाली नाही ते बघा. उलटही असतं, डोस वाढवत जातोय तरी दुखणं हटत नाही तेव्हा दुसरं काहीतरी दुखत असतं. तुमचे हे दादा, सोसायटीचं कर्ज असेल, मुलीचं लग्न राहिलं असेल, भावाशी बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नसेल. 'माझ्याच वाट्याला का' याच्या पोटात हे सगळं असू शकतं. सिसिली सॉन्डर्स यांनी, म्हणजे ज्यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं त्यांनी, याला 'टोटल पेन' म्हटलं, शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं दुखणं एकत्र, वेगळं करता न येणारं. त्या बाई आधी नर्स होत्या, पाठीच्या त्रासामुळे नर्सिंग सुटलं म्हणून हॉस्पिटलात सोशल वर्कर झाल्या आणि चाळिशी जवळ आल्यावर डॉक्टर, त्यामुळे त्यांना चारही बाजू दिसल्या असाव्यात.

त्यांचीच एक गोष्ट काकांना जरूर सांगा. १९४८ मध्ये डेव्हिड टास्मा नावाचा वॉर्सॉचा एक ज्यू वेटर लंडनच्या हॉस्पिटलात कॅन्सरने शेवटचे दिवस मोजत होता, सॉन्डर्सबाई त्याला भेटायला जायच्या. एकदा तो म्हणाला, मला धीर येईल असं काहीतरी बोला. बाई पक्क्या श्रद्धाळू ख्रिश्चन, त्यांनी त्याच्याही धर्मातली पाठ असलेली स्तोत्रं म्हटली, त्याने ऐकली, आणि पुढे त्या म्हणाल्या की अजून वाचून दाखवू का, तर तो म्हणाला नको, तुमच्या मनात आणि हृदयात जे आहे तेवढंच हवंय. जाताना तो पाचशे पौंड ठेवून गेला आणि हॉस्पिसची सुरुवात त्या पैशातून धरतात. बघा, जिथून ही सगळी चळवळ सुरू झाली तिथल्या पेशंटलाही पाठांतर काही वेळ चाललं, नंतर समोरचं माणूस हवं होतं.

आता ट्रेनिंग. माझं स्पष्ट मत आहे की मावशींपासून सुरुवात करा. नुसतं त्यांना बोलवा असं नाही, पहिल्या दिवशी त्यांनाच बोलू द्या. पेशंट तुमच्याशी कधी बोलतो मावशी? त्या सांगतील, अंग पुसताना, तोंड साफ करताना, कूस बदलताना. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटचा वास सहन करून जी बाई त्याचं तोंड स्वच्छ करते तिच्यासमोर त्याला लपवायसारखं काही उरत नाही. नर्स येते ती इंजेक्शन घेऊन, डॉक्टर येतात ते चार जणांना घेऊन, मग तो बोलणार कुणाशी. म्हणून वॉर्डबॉय, सफाईवाले, अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, गेटवरचा वॉचमन हे सगळे ट्रेनिंगमध्ये हवेत, आणि ड्युटीच्या वेळेत हवेत, पगारी. पण मावशींवर सगळं ओझं टाकून मोकळं व्हायचं असंही करू नका. त्यांना एक गोष्ट पक्की माहीत पाहिजे की ऐकलेलं कुठे सांगायचं. घरातलं भांडण ऐकलं तर ते पोटात ठेवायचं, गावभर करायचं नाही. पण पेशंट म्हणाला की मला संपवून टाका, किंवा गोळ्या साठवून ठेवल्यात असं दिसलं, तर त्याच शिफ्टमध्ये सिस्टरला आणि डॉक्टरला सांगायचं, यात गुपित वगैरे काही नाही. 'आता देवाने न्यावं' हे थकलेलं माणूस म्हणतंच, प्रत्येक वेळी तो धोका नसतो, पण ते ठरवणं मावशींचं काम नाही.

नर्सेसना विचारायचं कसं ते शिकवा. अमेरिकेतल्या क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टरबाईंनी १९९६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर चार मुद्दे बसवले, एफ-आय-सी-ए म्हणतात त्याला, श्रद्धा कशावर आहे, तिचं आयुष्यात महत्त्व किती, सोबतीला माणसं कोण, आणि आम्ही त्याबाबत काय करावं. जगभर वापरतात. पण कृपा करून याचा छापील फॉर्म करून अॅडमिशनच्या टेबलावर ठेवू नका, आधार कार्ड, रेशन कार्ड, तुमचा देव कोणता, असं होईल ते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ड्रेसिंग झाल्यावर, आपल्या भाषेत विचारा. "एवढं सगळं सोसताय, धीर कुठून येतो?" "त्याचा आता उपयोग होतोय की त्याच्यावरही राग आलाय?" "कुणी भेटायला यावं असं वाटतं?" "आमच्याकडून काही करायचं राहतंय का?" बास. आणि जे कळलं ते हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देतो त्यात, एका ओळीत, बीपी-शुगरच्या शेजारी. 'बेड ७, धाकट्या भावाची वाट बघतायत.' रात्रीच्या सिस्टरला ते माहीत असलं की तिचं अर्धं काम होतं.

उत्तर 'देव' असेलच असं नाही. एखाद्याचा जीव बागेत अडकलेला असतो. ऑक्टोबर छाटणी चालू आहे आणि आपण इथे, मुलगा नीट काड्या ठेवतोय की नाही, डावणीची फवारणी वेळेवर झाली का. मुलाला सांगा रोज संध्याकाळी बागेतून व्हिडिओ कॉल लाव आणि बाबांना विचार काय करू. मी तर याला पूर्ण आध्यात्मिक सेवा म्हणेन, काकांना पटो ना पटो.

स्पीकर बंद करा, यावर मात्र मी ठाम आहे. झोपलेला माणूस, मळमळणारा माणूस, शेवटच्या घरघरीत असलेला माणूस, सगळ्यांच्या कानावर एकच भजन, आणि त्याला उठून जाता येत नाही. शिवाय वॉर्डात कोण कोण आहे? नाशिकची गोष्ट आहे ही. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्यात ज्या घरांतली माणसं होती त्या घरातला म्हातारा पेशंट तुमच्याकडे असू शकतो, त्याच्या कानाशी रामाचं भजन लावून आपण सेवा करतोय असं समजायचं? त्याला त्रिशरण-पंचशील ऐकायचं असेल. ज्याला हरिपाठ हवा त्याला मोबाईल आणि हेडफोन द्या, कुणाला काहीच नको असेल तर शांतता द्या, तीही मिळत नाही हल्ली.

रीतीभातींचं थोडं शिकवायलाच लागेल, आणि हे पुस्तकात कमी सापडतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. शेवटी तोंडात गंगा घालतात, नातेवाईक रामकुंडावरून बाटली भरून आणतात आणि चमच्याने घालायला बघतात. गिळणं बंद झालेल्या माणसाला ते श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, जीव गुदमरतो. ओरडू नका त्यांच्यावर, डोकं कुशीवर करा आणि कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करायला सांगा, तुळशीचं पान ओठाला लावू द्या, त्यांचं समाधान होतं आणि पेशंटलाही त्रास नाही. काही घरांत शेवटच्या वेळी जमिनीवर घेतात. हॉस्पिसमध्ये हे चालत नाही असं म्हणण्याआधी बघा की खाली गादी टाकून होतंय का, आणि हाडांत कॅन्सर असेल तर हलवायच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याचा जास्तीचा डोस द्यायला डॉक्टरांना सांगा. माळकरी पेशंट कधीकधी मॉर्फिनच नको म्हणतात, शुद्धीत राहून नाव घ्यायचंय म्हणतात. त्यांना खरं काय ते सांगा की सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी येते मग बहुतेकांची ती कमी होते, बद्धकोष्ठ मात्र जात नाही त्याचं औषध सोबत लागतंच, आणि गुंगी राहिलीच तर डॉक्टर डोस बदलतील. दुखण्याने तळमळताना तरी नाव कुठे घेता येतं. तरीही नको म्हणाले तर तो त्यांचा निर्णय.

मुस्लिम पेशंटच्या घरच्यांना विचारा कॉट किब्ल्याकडे फिरवायची का, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, आणि कलमा म्हणायला जवळ कुणाला बसायचंय. ख्रिश्चन पेशंटसाठी फादरना शुद्ध हरपायच्या आधीच बोलवा, पेशंटला बोलताही यायला हवं. जैन कुटुंबाने संथाऱ्याचा, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवायच्या व्रताचा, विषय काढला तर नर्सने हो किंवा नाही काहीही म्हणू नये, डॉक्टर, घरचे आणि त्यांचे गुरू यांना एकत्र बसवा, हा विषय सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे. आणि पेठ-सुरगाण्याच्या पेशंटच्या मनगटातला भगताचा दोरा सलाईन लावताना कात्रीने कचकन कापू नका हो, आधी विचारा, दुसऱ्या हाताला बांधता येतो. हे सगळं पाठ करायची गरज नाही कारण एकाच जातीधर्माची दोन घरंही सारखी नसतात, विचारायची सवय लागली की पुरे.

काकांना कसं सांगायचं? त्यांना काम द्या. असे ट्रस्टी गावात सगळ्यांना ओळखतात. त्यांना म्हणा, काका, रात्री-अपरात्री बोलावलं तर येतील अशा माणसांची यादी करून द्या, एक महाराज, एक मौलाना, एक फादर, एक भन्ते, आणि एखादा निवृत्त शिक्षक जो नुसता गप्पा मारेल. पण या मंडळींनाही आधी एकदा बसवून सांगायचं की पेशंटने बोलावलं तरच यायचं, नवस बोलायला लावायचा नाही, चमत्काराचं आश्वासन नाही, कर्माचा हिशोब नाही, औषध बंद करा तर अजिबातच नाही. आणि काकांना हेही दाखवा की जागतिक आरोग्य संघटनेच्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करायच्या सेवेच्या, व्याख्येतच शारीरिक आणि मानसिक-सामाजिक त्रासाच्या जोडीला आध्यात्मिक त्रास लिहिलेला आहे, म्हणजे हे नर्सिंगचंच काम आहे, बाहेरून आणायचं नाही. परदेशात यासाठी वेगळी शिकलेली माणसं हॉस्पिटलात नेमतात, धर्मगुरूंना पेशंटजवळ बसवून शिकवायची पद्धत अमेरिकेत १९२५ सालापासूनची आहे. आपल्याकडे असं पद सहसा नसतं म्हणून ते तुमच्या मुलींवर येतं.

शिकवणारं कोण, तर पहिल्यांदा तुम्ही आणि अजून एक सिनियर नर्स बाहेर शिकून या. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासूनचं, तिथे ट्रेनिंग होतं. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा डॉक्टर आणि नर्सेससाठी सर्टिफिकेट कोर्स आहे, तिरुवनंतपुरमच्या पॅलियम इंडियाचेही कोर्स असतात, डॉ. राजगोपाल यांची संस्था. प्रवचनाच्या मानधनाचे पैसे त्यात घाला. परत आल्यावर गुरुवारचा वार काकांचाच ठेवा (त्यांनाही बरं वाटेल) पण दोन तासांऐवजी पाऊण तास, पीपीटी नाही. आठवड्यात वॉर्डात जे झालं त्यातलाच एक प्रसंग घ्यायचा, एकीने पेशंट व्हायचं, एकीने सिस्टर, बाकीच्यांनी बघायचं. पहिले दोन गुरुवार सगळ्या हसतील, लाजतील. तिसऱ्याला पेशंट झालेली मुलगी कॉटवर पडल्या पडल्या म्हणेल की अगं तू उभी राहून बोलतेस तर किती लांब वाटतंय, आणि ते मी शंभर वेळा सांगून कळलं नसतं.

आणि त्या रडलेल्या मुलीकडे बघा. तिचं स्वतःचं काय आहे, घरी कुणी गेलंय का अलीकडे, तिला स्वतःला देव मानवतो की नाही, हेही विचारायला हवं, जबरदस्तीने नाही. ज्या नर्सचा कशावरच विश्वास नाही तिलाही हे काम उत्तम जमतं, आणि जी फार श्रद्धाळू आहे तिला कधीकधी जड जातं कारण तिच्याकडे उत्तरं तयार असतात. पेशंटने "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हटलं आणि तिला करायची नसेल तर "मी तुमच्याजवळ बसते, तुम्ही म्हणा" एवढं पुरतं. वॉर्डात मृत्यू झाला की लगेच चादर बदलून पुढचा पेशंट घ्यायचा ही जी पद्धत आहे ना ती मोडा, जे ड्युटीवर असतील त्यांनी दोन मिनिटं कॉटपाशी थांबावं आणि नंतर चहा घेताना कुणीतरी विचारावं की तुला कसं वाटलं. एका शिफ्टला दोन मृत्यू झाले तर तिसऱ्या सिरियस पेशंटला दुसरी सिस्टर द्या, हे इन्चार्ज म्हणून तुमच्या हातात आहे, त्यासाठी ट्रस्टींची परवानगी लागत नाही.

तुम्ही लिहिलं नाहीये पण मी अंदाज करते की रात्रपाळीला एकच नर्स असणार आणि गुरुवारच्या ट्रेनिंगला नेमकी तीच झोपलेली असणार. तिच्यासाठी वेगळी वेळ काढा, संध्याकाळच्या हँडओव्हरच्या आधी ठेवलंत तर दोन्ही शिफ्ट सापडतील. 'माझ्याच वाट्याला का' हे दुपारी दोनला फार कमी जण विचारतात, रात्री तीनला विचारतात, आणि तेव्हा तुम्ही, मी, काका, महाराज कुणीच तिथे नसतो.